खासगी संदेश व घटनाप्रवाह यांची जोडणी

समाजमाध्यमांवरील व्यावसायिक खात्याला ग्राहकांकडून आलेले खासगी संदेश आपोआप उचलून क्लाउडवरील घटनाप्रवाहात, म्हणजेच इव्हेंट स्ट्रीममध्ये, नोंदवण्याची व्यवस्था. घटनाप्रवाहाचे स्वरूप सोलापूरच्या पेढीवरील कीर्द-खतावणीवरून चटकन ध्यानात येते. कीर्दीत व्यवहार घडला तसा एकाखाली एक लिहिला जातो, लिहिलेली ओळ खोडत नाहीत, चूक झाल्यास दुरुस्तीची नवी नोंद करतात आणि खातेवार हिशेबाची खतावणी तिच्यावरूनच मांडतात. घटनाप्रवाह ही अशीच कीर्द असून तिच्यावरून साठा, बिल आणि पाठवणी यांच्या निरनिराळ्या खतावण्या एकमेकींना न अडवता एकाच वेळी तयार होऊ शकतात. आपण कुठवर वाचले याची खूण प्रत्येक वाचक प्रणाली आपापली ठेवते.

लिंक्डइन कंपनीत घडलेली काफ्का ही घटनाप्रवाहाची प्रणाली २०११ मध्ये मुक्तस्रोत झाली, म्हणजे तिची संगणकीय संहिता सर्वांना खुली झाली. तिच्या तीन मूळ रचनाकारांपैकी नेहा नारखेडे या पुण्यात शिकलेल्या आहेत. अ‍ॅमेझॉनची कायनेसिस ही याच कामाची क्लाउड सेवा २०१३ मधली. संदेशांच्या बाजूने पाहता फेसबुकच्या मेसेंजरचा मंच २०१६ मध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड एपीआय, म्हणजे इतर प्रणालींना जोडून घेण्याचे दार, २०२२ मध्ये व्यवसायांना खुला झाला. दोन व्यक्तींमधील व्हॉट्सअ‍ॅप संवाद टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे त्या दोघांखेरीज कोणालाही न वाचता येणारा, असल्याने तो या वाटेने मिळत नाही. मिळतात ते केवळ व्यावसायिक खात्याला उद्देशून लिहिलेले संदेश, आणि हा भेद ठळकपणे सांगणे आवश्यक आहे.

जोडणीचा सांधा म्हणजे वेबहुक. संदेश येताच मंच दुकानाने कळवलेल्या पत्त्यावर तो पाठवतो. त्यासोबत एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने मजकुरावरून काढलेली स्वाक्षरी, म्हणजे तो मंचाकडूनच आल्याची खूण, असते आणि ती पडताळल्याशिवाय काहीही आत घेऊ नये. मराठी, कन्नड आणि तेलुगू ग्राहक असलेल्या सोलापुरात इथेच एक अडचण हमखास येते. मेसेंजरचा मंच स्वाक्षरी काढताना रोमनेतर अक्षरे मूळ रूपात न धरता युनिकोडमधल्या त्यांच्या क्रमांकांच्या सांकेतिक रूपात धरतो. त्यामुळे मजकूर आधी उलगडून मग पुन्हा बांधला आणि स्वाक्षरी काढली, तर रोमन लिपीतले संदेश जुळतात आणि देवनागरीतले नाकारले जातात. पडताळणी नेहमी आलेल्या मूळ बाइट्सवरच करावी.

पडताळणी झाली की संदेश प्रवाहात टाकून ताबडतोब पोच द्यायची; भाषा ओळखणे, साठा तपासणे, उत्तर लिहिणे ही सारी कामे नंतरची. पोच मिळाली नाही तर व्हॉट्सअ‍ॅप तोच संदेश ७ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहते. म्हणजे एकच मागणी दोनदा नोंदली जाऊ शकते, आणि म्हणून प्रत्येक वाचक प्रणालीने संदेशाचा ओळख क्रमांक पाहून दुबार नोंद गाळलीच पाहिजे.

सर्वांत जास्त विचार क्रमाचा करावा लागतो. चादरीच्या व्यापाऱ्याला कलबुर्गीचा ग्राहक मोरपंखी नक्षीचे छायाचित्र पाठवतो, मग ‘हीच पाहिजे, २ नग’ असे लिहितो आणि मिनिटभराने ‘२ नको, ४ द्या’ असे कळवतो. या तीन ओळींचा क्रम उलटला तर पेटीत दोनच चादरी जातात. घटनाप्रवाह अनेक समांतर पट्ट्यांत विभागलेला असतो आणि क्रमाची हमी एका पट्टीपुरतीच मिळते. नोंद कोणत्या पट्टीत जाईल हे विभाजनाची किल्ली ठरवते; ग्राहकाचा क्रमांक ही किल्ली म्हणून वापरल्यास त्याचे सर्व संदेश एकाच पट्टीत पडतात. संदेशाचा क्रमांक किल्ली म्हणून वापरणे ही मात्र सरळसरळ चूक ठरते. एवढ्यानेही काम पुरे होत नाही, कारण कायनेसिसमध्ये संदेश गठ्ठ्याने टाकताना काही नोंदी मागे राहून पुन्हा पाठवाव्या लागू शकतात आणि तेवढ्यात क्रम बदलतो. म्हणून मूळ संदेशाची वेळ प्रत्येक नोंदीत ठेवावी.

क्षमतेची काळजी सहसा अनाठायी असते. कायनेसिसची एक पट्टी सेकंदाला १,००० नोंदी किंवा १ मेगाबाइट मजकूर घेते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट व्यापते, तेव्हा १०० चिन्हांचा संदेश जेमतेम ३०० बाइटचा होतो. एका पेढीला एक पट्टी भरपूर झाली. छायाचित्र मात्र प्रवाहात टाकू नये. व्हॉट्सअ‍ॅपकडून मिळणारा त्याचा दुवा ५ मिनिटांत निकामी होतो, म्हणून चित्र लगेच उतरवून वेगळ्या साठवणीत ठेवावे आणि प्रवाहात फक्त त्याचा पत्ता लिहावा.

मुदतीकडे दुर्लक्ष झाल्यास नुकसान मोठे होते. कायनेसिसमध्ये नोंदी मुळात २४ तासच टिकतात. काफ्कात मूळ मुदत ७ दिवसांची असते. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हिशेबाचा संगणक सलग दोन दिवस बंद राहिला, तर कायनेसिसमधल्या पहिल्या दिवशीच्या मागण्या वाचण्याआधीच नाहीशा होतील. कायनेसिसची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. उत्तराला मात्र अशी सवलत नाही: ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास उलटले की व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वमंजूर साच्यातलाच मजकूर पाठवता येतो.

मुदत वाढवली की खासगीपणाचा प्रश्न बिकट होतो. ग्राहकाने लिहिलेले असते एका दुकानाला, आणि प्रवाहातून ते वाचू शकते त्याला जोडलेली प्रत्येक प्रणाली. नाव, पत्ता, घरातल्या लग्नाची तारीख असे कितीतरी तपशील मागणीच्या ओघात येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीला आपली माहिती खोडून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि कीर्दीतली ओळ तर खोडता येत नाही. यावर चांगला उपाय असा, की प्रत्येक ग्राहकाचा मजकूर त्याच्यापुरत्या वेगळ्या कूटकिल्लीने कुलूपबंद करून मगच प्रवाहात टाकावा आणि विभाजनासाठी त्याचा फोन क्रमांक उघडा न वापरता त्यावरून काढलेला गुप्त संकेत वापरावा. ग्राहकाने माहिती काढून टाकायला सांगितली की त्याची कूटकिल्ली नष्ट करायची. ओळ जागेवर राहते, पण ती पुढे कोणालाही वाचता येत नाही.