सुपरकारचे आकडे आणि त्यांच्यावरचा जुना अविश्वास

दोन सुपरकारपैकी वेगवान कोणती, हा वाद एका घड्याळाने मिटायला हवा. साठ वर्षे झाली तरी तो मिटलेला नाही, कारण भांडण गाड्यांपेक्षा मोजणीचे जास्त आहे. चाचणीची गाडी कोणी पुरवली, टायर कोणते होते, घड्याळ नेमके कोणत्या क्षणी सुरू झाले, हे आकड्याशेजारी क्वचितच छापले गेले. आज चाहते दशांश सेकंदावरून हमरीतुमरीवर येतात, त्यामागे हाच जुना आणि माझ्या मते पुष्कळसा रास्त अविश्वास आहे.

१९६१ साली जॅग्वार ई-टाइप आली ती ताशी १५० मैल, म्हणजे साधारण २४१ किमी वेगाचा डंका पिटत. ‘ऑटोकार’ मासिकाने चाचणीत १५०.४ मैल नोंदवलेही. पण ती गाडी कारखान्याने चाचणीसाठी निगुतीने तयार केलेली होती. ग्राहकांनी विकत घेतलेल्या ई-टाइप सहसा तिथवर पोहोचत नसत. अमेरिकेत याच्याही पुढची मजल गेली. १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’कडे चाचणीसाठी गेलेल्या पॉन्टियाक जीटीओमध्ये ३८९ घनइंचांच्या इंजिनाच्या जागी ४२१ घनइंचांचे इंजिन बसवलेले होते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखीच दिसत, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. जीटीओच्या प्रसिद्धीमागचे डोके असलेल्या जिम वँगर्स यांनी ही गोष्ट कैक वर्षांनी आपल्या आठवणींत स्वतःच सांगितली.

सत्तरच्या दशकात ताशी ३०० किमी हा मानाचा टप्पा ठरला. फेरारीने ३६५ जीटी४ बीबीसाठी ३०२ किमी सांगितले, लॅम्बोर्गिनीने काउंटॅशसाठी त्याहून जास्त. स्वतंत्र चाचण्यांत दोन्ही गाड्या आपापल्या आकड्यांच्या मागेच राहिल्या. तरीही भिंतीवरच्या पोस्टरवर आणि वादावादीत वापरले गेले ते कारखान्यांचेच आकडे.

म्हणूनच १९८७ ची ‘रोड अँड ट्रॅक’ची चाचणी मला फार मोलाची वाटते. मासिकाने प्रतिस्पर्धी गाड्या जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्या एरा-लेसिन चाचणी मार्गावर एकत्र आणल्या आणि चालवायला फिल हिल व पॉल फ्रेर या शर्यतपटूंसारखे कसलेले हात घेतले. मोठमोठ्या नावांना मागे टाकून ताशी सुमारे ३३९ किमी वेग गाठला तो रूफ या छोट्या जर्मन कंपनीच्या पिवळ्या सीटीआरने. एकच रस्ता, तेच चालक, तीच मोजणी. इतकी साधी अट पुढे किती दुर्मीळ होणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना नसावी.

शून्यापासूनच्या वेळेचा घोळ वेगळा आहे. शून्य ते ६० मैल ही मोजणी रूढ करण्याचे श्रेय अमेरिकन लेखक टॉम मकाहिल यांना दिले जाते, ते चाळीसच्या दशकात. मात्र अमेरिकन मासिकांनी ड्रॅग स्ट्रिपवरची, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींच्या पट्टीवरची, एक रीतही उचलली. तिथे पुढचे चाक प्रकाशकिरण अडवून उभे असते आणि ते साधारण एक फूट सरकून किरण मोकळा झाला की मगच घड्याळ सुरू होते. याला रोलआउट म्हणतात. तेवढ्यात गाडीने ताशी पाच-आठ किमीचा वेग पकडलेला असतो आणि ०.२ ते ०.३ सेकंद वाचलेले असतात. त्यात ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, तर युरोपातली मोजणी पूर्ण १०० किमीपर्यंतची. हे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल लावणाऱ्यांशी वाद घालणे व्यर्थ आहे. गाडी सहा सेकंद घेत होती तोवर हा फरक खपून जाई, दोन सेकंदांच्या गाडीत मात्र तोच सगळा खेळ असतो. २०२१ मध्ये ‘मोटर ट्रेंड’ने टेस्ला मॉडेल एस प्लेडची वेळ चिकट द्रव्य फवारलेल्या पट्टीवर १.९८ सेकंद नोंदवली आणि साध्या डांबरावर २.०७, दोन्ही रोलआउट वजा करून. मासिकाने दोन्ही परिस्थिती उघड सांगितल्या, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण.

सर्वांत कडवट भांडणे झाली ती जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक, वळणावळणाच्या शर्यतमार्गावर. २००८ मध्ये निसानने जीटी-आरसाठी ७ मिनिटे २९ सेकंदांचा लॅप, म्हणजे मार्गाची एक फेरी, जाहीर केला. त्याच वर्षी पोर्शेने अमेरिकेत एक जीटी-आर विकत घेऊन त्याच मार्गावर पळवली आणि आपल्याला ७:५४ पेक्षा चांगली वेळ मिळाली नाही, असे सांगितले. निसानची गाडी दुकानात मिळते तशीच होती का, की टायर वेगळे होते, अशी शंका उघडपणे घेतली गेली. निसानने दावा सोडला नाही. उलट, जीटी-आर कशी चालवायची हे शिकायला या, असे पोर्शेच्या चालकांना सुचवले. एका लॅपमध्ये पंचवीस सेकंद म्हणजे अफाट अंतर. त्यातले चालकाचे किती, टायरचे किती आणि हवेचे किती, हे बाहेरून कोणाला ठरवता येणार? पुढे २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी हुराकान परफॉर्मान्तेच्या ६:५२.०१ वरही व्हिडिओ पाहून शंका घेतल्या गेल्या. कंपनीने लॅपची जीपीएस नोंद खुली केली, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

मधल्या काळात, २०११ साली, ब्रिटिश पत्रकार ख्रिस हॅरिस यांनी आतली रीत लिहून टाकली. फेरारी चाचणीसाठी खास तयार केलेल्या गाड्या पाठवते, सोबत स्वतःचे तंत्रज्ञ देते आणि चाचणी कोणत्या ट्रॅकवर होणार हे आधी विचारून तिथे सराव करते, असा त्यांचा आरोप होता. त्यानंतर फेरारीची दारे त्यांना काही काळ बंद झाली. हे फक्त एकाच कंपनीपुरते असेल असे मला वाटत नाही. ज्यांच्याकडून पुढची गाडी मिळायची आहे त्यांचाच आकडा तपासायचा, ही पत्रकाराची अडचण सगळीकडे सारखीच आहे.

कमाल वेगाच्या विक्रमात नियम असूनही पळवाटा राहिल्या. वारा आणि उतार यांचा फायदा निघून जावा म्हणून दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढायची, ही जुनी शिस्त. १९९८ मध्ये शर्यतपटू अँडी वॉलेस यांनी एरा-लेसिनवर मॅकलारेन एफ१ मध्ये सरासरी ३८६.४ किमी गाठले, पण त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा वाढवलेली होती. बुगाटी व्हेरॉन सुपर स्पोर्टने २०१० मध्ये ४३१ किमीचा विक्रम केला, विकायच्या गाड्यांवर मात्र ४१५ चा लगाम होता. याच मुद्द्यावर गिनेसने २०१३ मध्ये तो विक्रम आधी स्थगित केला आणि काही दिवसांत परत दिला. बुगाटीच्याच चिरॉनचे २०१९ मधले ४९०.४८ किमी तर एकाच दिशेने होते.

तपासणीची सूत्रे खऱ्या अर्थाने चाहत्यांच्या हाती आली ती २०२० मध्ये. अमेरिकेच्या एसएससी कंपनीने तुआतारा या गाडीसाठी ताशी ५०८.७३ किमी सरासरीचा दावा केला. यूट्यूबवरच्या मोटारशौकिनांनी चित्रफीत चौकट-चौकट तपासली, रस्त्याकडेच्या खुणांमधले अंतर मोजले, गिअरचे गुणोत्तर पडताळले. केनिग्सेग अजेरा आरएसने नेवाडातल्या त्याच रस्त्यावर २०१७ मध्ये ४४७ किमीची सरासरी गाठली होती, तिच्या चित्रफितीशीही ताडून पाहिले. पडद्यावर दिसणारा वेग आणि कापलेले अंतर जुळेना. मोजणीची उपकरणे बनवणाऱ्या डेव्हेट्रॉननेही आपण हा आकडा प्रमाणित केला नसल्याचे सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात नवी धाव झाली आणि सरासरी निघाली ४५५.३ किमी. हे सगळे शोधून काढणारे कोणत्याही कंपनीच्या पगारावर नव्हते, याचा मला आनंद वाटतो.

न्युर्बुर्गरिंगनेही २०१९ मध्ये नियम बांधले. अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किमीची धरायची आणि नोटरीसमोर नोंदवायची. तोवर अनेक कंपन्या प्रेक्षागृहासमोरचा सरळ तुकडा वगळून २०.६ किमीचा लॅप सांगत. फरक किती पडतो? पोर्शे ९११ जीटी२ आरएसचा २०२१ मधला एकच लॅप छोट्या अंतरावर ६:३८.८३५ आणि पूर्ण अंतरावर ६:४३.३०० भरतो. त्याच लॅपने पुढचा वादही उभा केला. गाडीवर मँथाय या कंपनीचा परफॉर्मन्स किट होता. २०१८ मध्ये मँथायने तयार केलेली जीटी२ आरएस फेरफार केलेल्या गाड्यांत धरली गेली होती. २०२१ ची मात्र उत्पादनातल्या गाड्यांत बसली, कारण तोवर किट पोर्शेकडूनही विकत मिळत होता. वेगळे सस्पेन्शन, वेगळे पंख आणि जवळजवळ शर्यतीचेच टायर लावलेली गाडी उत्पादनातली मानायची का, यावर चाहत्यांत आजही दोन तट आहेत. माझा कल नकाराकडे आहे. किटची वेळ जरूर छापावी, पण स्वतंत्र रकान्यात, टायरच्या नावासह.