क्लेफेस एकच माणूस नाहीये

‘बॅटमॅन कॉमिक्समधला व्हिलन क्लेफेस एकच, लेखकांनी फक्त त्याची स्टोरी बदलत नेली’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, नाव सेमच ना. पण १९४० चा क्लेफेस म्हणजे बेसिल कार्लो, सिनेमातला नट, मास्क घालून खून करायचा, पॉवर वगैरे काही नाही, आणि मातीसारखा रूप बदलणारा मॅट हेगन आला थेट १९६१ मध्ये, तोही गुहेतल्या विचित्र डबक्यात पडल्यामुळे! १९७८ चा प्रेस्टन पेन तिसराच. पुढे कार्लोलाही रूप बदलायच्या पॉवर मिळाल्या, खरा घोळ तिथे होतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुने अंक मिळाले तर आत बारीक अक्षरात छापलेलं वर्ष आणि व्हिलनचं खरं नाव जुळवून बघा, लगेच कळेल.