कागदाची पट्टी गेली, आणि मग

साठी ओलांडलेल्यांना मिक्श्चरची बाटली आठवत असेल. तिच्या अंगाला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असायची; एका खाचेपर्यंत एक डोस. दुपारचा डोस चुकला तर ते संध्याकाळी बाटलीकडे बघून घरातल्या कुणालाही कळायचं. औषध कालवणारा माणूस समोरच असे, आणि बाटली हातात देताना ‘हलवून घ्या, जेवणानंतर घ्या’ एवढं तरी सांगायचाच.

गोव्यात या विद्येचं शिक्षण जुनं. पणजीत 1842 साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिथे डॉक्टरांसोबत औषध बनवणारेही शिकत. जुन्या दुकानांच्या पाट्यांवरचा ‘फार्मासिया’ हा शब्द त्या पोर्तुगीज अमदानीचाच. मुक्तीनंतर, 1963 मध्ये, पणजीत फार्मसी कॉलेज निघालं. पण तोवर कारखान्यातल्या गोळ्या सगळीकडे पोचत होत्या. खल-बत्ता अडगळीत गेला, पट्टी गेली, आणि तिच्याबरोबर काउंटरवरचं बोलणंही आटलं.

नेमकं याच काळात हृदयविकाराचं औषध बदललं. साठच्या दशकात हृदयाचे ठोके संथ करणारे बीटा ब्लॉकर आले, 1987 मध्ये अमेरिकेत कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन विक्रीला आलं, 1988 च्या एका मोठ्या चाचणीने हार्ट अटॅकमध्ये साध्या अ‍ॅस्पिरिनची ताकद दाखवली. तापाचं मिक्श्चर तीन दिवसांत संपे. या गोळ्या बहुधा जन्मभराच्या. आणि एक दिवस चुकली तरी कुठे काही दुखत नाही. खरी गोम इथे आहे. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, तीही आधी काही न कळवता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये मांडलं, की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं नीट घेतात. मग फार्मासिस्टकडे, म्हणजे काउंटरवर औषध देणाऱ्या माणसाकडे, पुन्हा लक्ष गेलं. 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 65 वर्षांवरचे 200 रुग्ण, प्रत्येकाला किमान चार औषधं. फार्मासिस्टनी गोळ्या वेळेनुसार बांधून दिल्या, समजावल्या, दर दोन महिन्यांनी विचारपूस केली. गोळ्या घेण्याचं प्रमाण 61 टक्क्यांवरून सहा महिन्यांत 97 वर गेलं. पुढे अर्ध्या रुग्णांची ही सोय थांबवली, तर त्यांचं प्रमाण 69 वर घसरलं. ज्यांची चालू ठेवली त्यांचं 95 च्या वरच राहिलं. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या, रुग्णांवरच्या 2007 च्या अभ्यासातही फार्मासिस्टची मदत थांबल्यावर फायदा ओसरला. मला या आकड्यांत चढापेक्षा उतार जास्त बोलका वाटतो.

भारतात 2015 च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी रुग्णाला समजावणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलं. प्रत्यक्षात काउंटरवर गर्दी असते, आणि पुष्कळदा ‘ही सकाळी, ही रात्री’ यावर संवाद संपतो.

तरी फोंड्याच्या बाजारातल्या एका दुकानात मी ऐकलेलं असं:

‘मावशी, लघवीची गोळी उरली कशी हो? बाकीच्या तर संपल्या.’

‘बांबोळीला इस्पितळात जायचं असलं की घेत नाही रे बाबा. बसमध्ये पंचाईत होते.’

फार्मासिस्टने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. इस्पितळात जायच्या दिवशी ती लघवी वाढवणारी गोळी परत आल्यावर घेतली तरी चालेल, असं ठरलं. मग स्ट्रिपवर पेनाने लिहून दिलं: ‘बसचा दिवस – घरी आल्यावर’.