जवसाचं तेल की बेलतेल? लाकडी वाडग्याला काय लावायचं

दोन्ही जवसाचीच. एक घाण्यावर मिळतं, दुसरं हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी. त्यावर 'डबल बॉइल्ड' लिहिलेलं असतं आणि रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, नुकताच हात बसू लागलेला माणूस 'जवसाचं तेल द्या' म्हणतो आणि मिळेल ते घेऊन येतो. शोभेच्या फुलदाणीला चालून जातं. ज्या वाडग्यात शेंगाचटणी वाढायची, त्याला नाही.

जवसाच्या तेलात साधारण निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं. ज्या ओमेगा-३ साठी आपण जवसाची चटणी खातो, तेच हे. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि तेल लाकडाच्या छिद्रांतच घट्ट होतं. शेंगदाणा तेल किंवा खोबरेल असं वाळतच नाही. वाडगा चिकट राहतो आणि पुढं खवट वास मारतो.

बेलतेलाला वाळायची घाई असते ती उकळल्यामुळे नव्हे. पूर्वी हे तेल मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड घालून तापवत. आता बहुतेक वेळा कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळतात, म्हणून एखाद्या दिवसात ते हाताला लागेनासं होतं. नेमके कोणते क्षार, हे डब्यावर क्वचितच सापडतं. खाण्याच्या भांड्याला मी ते लावत नाही. घाण्याच्या तेलाला प्रत्येक हातामागं काही दिवस द्यावे लागतात, पूर्ण वाळायला काही आठवडे. तेवढं थांबावं. बाटलीबंद घेणार असाल तर व्हिटॅमिन ई घातलेलं नको, त्यानं वाळणं आणखी लांबतं.

मात्र तेल कोणतंही असो, घासण्यातली चूक ते झाकत नाही, उघडी पाडतं. माझ्या पहिल्या बाभळीच्या वाडग्यावर मी १२० नंबरच्या भरड पॉलिश पेपरवरून थेट बारीक ३२० वर गेलो. कोरडा असताना तो गुळगुळीत वाटला. तेलाचा पहिला हात फिरला आणि आतून गोल गोल ओरखडे उठून दिसले. आता १२०, १८०, २२०, ३२० असाच जातो. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून हातानं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासतो आणि टॉर्च आडवा धरून बघतो. वाडग्यात समोरासमोर दोन जागी लाकडाचे तंतू आडवे कापले जातात. ओरखडे तिथंच लपतात आणि तेलही तिथंच जास्त मुरतं, म्हणून त्या जागा काळपट दिसतात. २२० नंतर ओलं फडकं फिरवून पूर्ण वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० नं हलकेच काढा.

तेल पातळ लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. आपल्या सोलापुरात टॉवेलचे तुकडे घरोघरी असतात, पण त्यांचे धागे सुटतात. जुनं धुवट धोतर बरं.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कधीच करू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही कापड पेट घेतं. बेलतेलात हा धोका अधिक, पण घाण्याचं तेलही यातून सुटलेलं नाही. मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये तर फारच जपावं. मी फडकं अंगणातल्या तारेवर, सावलीत, एकपदरी पसरतो. ते पुठ्ठ्यासारखं कडक झालं की मगच कचऱ्यात टाकतो.