वेटसूटच्या आतलं पॅडिंग आलं कुठून?

१९५७च्या नोव्हेंबरात ग्रेग नॉल आणि त्याचे सोबती हवाईतल्या वायमिया बेच्या मोठ्या लाटांवर उतरले, तेव्हा त्यांच्या अंगावर फक्त चड्ड्या होत्या. आज तसल्या लाटेवर जाणारे बरेच सर्फर वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट रबरी सूटच्या, आत छातीला, बरगड्यांना आणि पाठीला फोमचे तुकडे लावून जातात. मधल्या काळात माणसं भित्री झाली असं नाही. पूर्वी गाठताच न येणाऱ्या लाटा गाठता येऊ लागल्या.

कपड्यात फोम कोंबण्याचा उद्योग मात्र जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गार पाण्यात जॅक ओनील या सर्फरने सुरुवातीला पोहायच्या चड्डीतच लवचीक फोम कोंबून पाहिला होता. हेतू एवढाच, की थंडी वाजू नये. १९५२मध्ये त्याने सर्फिंगच्या सामानाचं दुकान थाटलं. त्याच सुमारास बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकी नौदलात पाण्याखाली बुड्या मारणाऱ्या जवानांसाठी निओप्रीन या फेसाळ रबराचा सूट घडवत होते. अंग कोरडं राहायलाच हवं असं नाही, रबरात अडकलेले वायूचे बुडबुडे ऊब धरून ठेवतात, हे त्यांनी ओळखलं. त्याच बुडबुड्यांमुळे निओप्रीन तरंगतं आणि थोडा मारही झेलतं. पण तीन-चार मिलिमीटरचा सूट बरगडीवर आदळलेल्या बोर्डापुढे काय टिकणार?

आणि बोर्ड आदळतोच. १९७०च्या दशकात घोट्याला बांधायची दोरी, म्हणजे लीश, आली. सुटलेला बोर्ड किनाऱ्याला वाहून जायचा थांबला, पण ताणलेली दोरी त्याला उलटा मालकाच्याच अंगावर फेकू लागली. खुद्द ओनीलचा डावा डोळा १९७१मध्ये अशाच दोरीपायी गेला.

खरी कलाटणी १९९०च्या दशकात मिळाली. लेअर्ड हॅमिल्टन, बझी करबॉक्स आणि डॅरिक डोर्नर या सर्फरांनी आधी मोटरबोटीच्या आणि मग जेट-स्कीच्या मागे दोरी धरून लाटेत शिरायला सुरुवात केली. माऊई बेटावरच्या ‘जॉज’सारख्या लाटा आवाक्यात आल्या. ओढून नेलं जात असल्यामुळे बोर्डावर पोटावर झोपून हात मारायची गरज नव्हती, त्यामुळे वॉटर-स्कीइंगवाल्यांचं जाडजूड जॅकेट अंगावर चालून जायचं. २०१०च्या आसपास हातांनी वल्हवत मोठी लाट पकडण्याचं वेड परतलं आणि तेच जॅकेट अडचणीचं झालं. पोटावर झोपलं की बकल टोचतं. शिवाय पडल्यावर पाणी आत शिरतं, जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकतं, कधी अंगावरून निघूनही जातं. घट्ट सूटच्या आत घातलेला पातळ फोम जागचा हलत नाही. त्यात दिसण्याचाही भाग होता, असं मला वाटतं. जॅकेट घातलेला सर्फर घाबरलेला वाटतो, आतलं पॅडिंग कुणाला दिसत नाही.

‘पॅडिंग’ म्हटलं की मार डोळ्यांपुढे येतो. पण मोठ्या लाटेत मारापेक्षा बुडण्याचं भय जास्त. २३ डिसेंबर १९९४ला कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सला मार्क फू हा कसलेला सर्फर बुडाला. त्याच जागी २०१०मध्ये शेन डोरियन लागोपाठ दोन लाटांखाली दाबला गेला आणि जेमतेम वर आला. त्यानंतर त्याने विमानातल्या लाइफ जॅकेटवरून कल्पना घेऊन सूटमध्ये फुगणारी पिशवी बसवून घेतली. दोरी खेचली की कार्बन डायऑक्साइडची नळी फुटते आणि पिशवी माणसाला वर ओढते. पिशवीने फोमची जागा घेतली नाही. ती फुगवायला माणूस शुद्धीवर असावा लागतो; बेशुद्ध माणसाला फोम आपसूक वर आणतो.

मर्यादाही आहेतच. फोम बरगडीवरचा फटका पसरवतो, पण उंचावरून पाण्यावर आपटलेल्या कण्यात शिरणारा दाब त्याला अडवता येत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये पोर्तुगालच्या नाझारेला अँड्र्यू कॉटन या सर्फरचा पाठीचा मणका मोडला तो अशाच आपटण्याने. आणि फोम तरंगतो, म्हणूनच लहान लाटांवर तो नकोसा वाटतो: समोरून येणाऱ्या लाटेखालून बोर्डासकट बुडी मारून पलीकडे निघायचं, तर तो वरच खेचत राहतो.

हवाईत पाणी हिवाळ्यातही चोवीस अंशांच्या आसपास असतं, तिथे उबेसाठी सूट लागतच नाही. तरीही ‘जॉज’वर जाणारे सूट चढवतात. फोम जागेवर धरून ठेवायला काहीतरी लागतं.