पेटारा घेऊन आलेले पाहुणे : फिरत्या नाटक कंपन्या आणि गोवा

१७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात त्या दिवशी ‘इटालियन भुरगो’ नावाचा कोंकणी खेळ लागला आणि तियात्र, म्हणजे गोव्याचं गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक, जन्माला आलं. खेळ उभा केला होता बार्देशातल्या आसगावच्या लुकाझिन रिबेरोने. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला हा गोंयकार तिथे आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीच्या नादी लागला, मिळेल ते काम धरून तिच्याबरोबर शहरोशहरी हिंडला. कंपनी मायदेशी निघाली तेव्हा तिचे काही पोशाख त्याने विकत घेऊन ठेवले, असं सांगतात. पुढे तेच पोशाख अंगावर चढवून, त्याच धाटणीची गोष्ट त्याने कोंकणीत उभी केली. त्या पहिल्या खेळात मडगावच्या बोर्ड्याचे जुआंव आगुस्तिन फर्नांडिस होते. पुढे आयुष्यभर त्यांनी तियात्रं लिहिली, केली. आज गोव्यात त्यांना तियात्राचा बाप मानतात.

परदेशी नाटक मंडळी एखादं अभिजात नाटक नव्या रूपात घेऊन पणजीला येते, तेव्हा मला आधी ते जुने पोशाख आठवतात. इटालियन कंपनीने मुंबईत किती खेळ केले, गल्ला किती जमला, हे आज कुणाला ठाऊक नाही. ती गेल्यावर मागे जे राहिलं ते सव्वाशे वर्षं टिकलं. फिरत्या कंपनीचा दौरा मोजायचा तो असा.

मराठी रंगभूमीचीही सुरुवात अशाच पाहुण्यांपासून झाली. कारवारच्या खाली, होन्नावरजवळच्या कर्की गावची यक्षगान करणारी भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीला गेली. त्यांचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना तसंच काही मराठीत हवंसं वाटलं, आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. फिरते कलाकार, ऐकणाऱ्याची उत्सुकता, मग आपल्या भाषेतला खेळ, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

गोव्याच्या उत्तरेला, पेडणे-डिचोलीकडे, फिरत्या कंपनीचं सगळ्यात जुनं रूप अजून जितंजागतं आहे. जत्रेच्या रात्री दशावतारी येतात. आल्या आल्या पेटारा ठेवायचा, त्याची पूजा करायची; कपडे, दागिने, मुकुट सगळं त्या एका पेटाऱ्यात. रंगमंचावर एक बाक. तोच राजाचं सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. गणपती, सरस्वती येऊन गेल्या की काळ्या पोशाखातला संकासुर राक्षस येतो, आणि अर्धवट झोपलेली पोरं खाडकन उठून बसतात. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे सुचलेले. शेकडो वर्षांची पुराणकथा दर रात्री नव्याने बोलली जाते. अभिजात गोष्टीची नवी मांडणी म्हणतात ती आमच्या देवळाच्या आवारात अशीच होत आली आहे, फक्त तिला कुणी तसं नाव दिलं नाही.

ज्या काळात इंग्रज नट जेफ्री केंडल यांची ‘शेक्सपियराना’ कंपनी भारतभर शाळा, संस्थानिकांचे वाडे, थंड हवेची गावं पालथी घालत होती आणि उत्पल दत्तांसारखा नट तिच्यात घडत होता, तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. तियात्राची संहिता आधी सरकारी तपासणीतून न्यावी लागे. त्याच्याही कितीतरी आधीपासून गोव्याचे कलावंत बाहेर जाऊन मोठे होत होते. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत गाजले आणि १९१८ मध्ये त्यांची स्वतःची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली.

दुसऱ्याच वर्षी, १९१९ मध्ये, मुंबईतल्या गोमंतकीयांनी ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ स्थापन केली. इथे थोडं थांबायला हवं. २३ डिसेंबर १९७० रोजी याच संस्थेने वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं. डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. शेक्सपियरचा ‘किंग लिअर’ त्याच्या पाठीशी आहे हे सगळेच जाणतात. पण शिरवाडकरांनी काय बदललं ते पाहा. लिअर राजा आहे, बेलवलकर निवृत्त नट. लिअरला तीन मुली, बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. आणि लिअरच्या नाटकात राणी कुठेच नाही, तर इथे कावेरी आहे, नवरा जिला ‘सरकार’ म्हणतो. शेक्सपियरने मोकळी सोडलेली ती जागा शिरवाडकरांनी भरली, आणि प्रेक्षक रडले ते मुख्यतः त्या जागेपाशी. जुन्या नाटकाला हात घालायचा तर इतकी हिंमत लागते. कपडे आजचे केले, हातात मोबाईल दिला, एवढ्याने भागत नाही.

सत्तरच्या दशकात जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ विजया मेहतांबरोबर काम करायला आले. जर्मन नाटककार ब्रेख्तचं ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ हे खडूच्या वर्तुळाचं नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या मराठीत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ झालं. खानोलकर कुडाळचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. पाहुणा चार खेळ करून गेला नाही, इथल्या नटांबरोबर तालमीला बसला.

अशा कंपन्या जगात आणखीही आहेत. ‘फुट्सबार्न’ १९७१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एका धान्याच्या कोठारात सुरू झाली, मग भटकत भटकत फ्रान्समध्ये स्थिरावली. तंबू, मुखवटे, वाद्यं आणि एकाच खेळात अनेक भाषा ही तिची रीत. तिने शेक्सपियरचं ‘टेम्पेस्ट’ केरळच्या कलावंतांना घेऊन केलं. इंग्रज दिग्दर्शक टिम सपल यांनी २००६ मध्ये ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ भारत आणि श्रीलंकेतल्या कलाकारांकडून करून घेतलं, त्यात इंग्रजीबरोबर तमिळ, मल्याळम, सिंहली, हिंदी, बंगाली आणि मराठीही होती. लंडनच्या ग्लोब थिएटरने २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत ‘हॅम्लेट’ जगातल्या बहुतेक सगळ्या देशांत नेलं. माणसं जेमतेम सोळा, आणि सामान ट्रंकांत मावेल इतकंच. म्हणजे पेटाराच.

गोव्यात अशा खेळासाठी डोळ्यांपुढे येते ती पणजीची कला अकादमी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी बांधलेली. तिच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषांतून जुन्या नाटकघराचे सज्जे आणि त्यांत बसलेले गोंयकार रंगवून घेतले गेले. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी भिंतीवरचा प्रेक्षक हजर. २०२१ पासून ही वास्तू नूतनीकरणासाठी बंद होती, २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडली. मधल्या काळात फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आणि मडगावचं रवींद्र भवन यांनी पुष्कळ भार उचलला. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून, त्यातही नाटकं येतात.

तरी मला वाटतं, पाहुण्या मंडळीने पणजीत खेळ करून थेट विमानतळ गाठू नये. एक रात्र सावई-वेऱ्यात किंवा मांद्र्यात, देवळापुढच्या मांडवात काढावी. तिथला प्रेक्षक पिढ्यान्पिढ्या उत्सवाची नाटकं पाहत आणि स्वतः करत आला आहे. नट कुठे चुकला ते त्याला कळतं आणि तो तसं तोंडावर सांगतोही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या हौशी नटांनी त्यांच्याबरोबर तालमीला बसावं, त्यांची एखादी मुखवट्याची युक्ती उचलावी, आपली बाकाची युक्ती त्यांना द्यावी. लुकाझिनला तर चार पोशाख पुरले होते.