हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी लोह जास्त

थकवा आला की आपण हिमोग्लोबिन तपासतो आणि रिपोर्ट नॉर्मल आला की निर्धास्त होतो. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचं नेमकं इथेच फावतं. यात शरीरात लोहाची कमतरता नसते, उलट ते साठत जातं; आणि साठलेलं लोह हिमोग्लोबिनच्या आकड्यात दिसत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज १-२ मिलिग्रॅम आतड्यातून शोषलं जातं, तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जातं. जादा लोह बाहेर टाकायची वेगळी सोय शरीरात नाहीच, त्यामुळे सगळी भिस्त आत किती घ्यायचं यावर. तो हिशेब यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक ठेवतं. १९९६ मध्ये सापडलेल्या एचएफई जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर हेप्सिडिन कमी पडतं आणि लोहाचा साठा भरलेला असूनही आतडी लोह ओढतच राहतात. काही दशकांत हा साठा २० ग्रॅमच्या वर जाऊ शकतो. तो यकृत, स्वादुपिंड, हृदय आणि सांध्यांत मुरतो.

लक्षणं चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतात. बायकांमध्ये बहुधा पाळी थांबल्यावर, कारण तोवर दर महिन्याला थोडं लोह जात असतं. थकवा, कामेच्छा कमी होणं, मधुमेह, काळवंडलेली त्वचा. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्याच कशावर तरी खपून जातं. त्यातल्या त्यात बोलकी खूण हाताची: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेले सांधे सुजतात, हस्तांदोलन करतानाही कळ येते. तीही वयावर ढकलली जाते, हे वेगळं सांगायला नको.

निदानाची सुरुवात मात्र अगदी साध्या रक्ततपासणीने होते. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय) या दोन्ही तपासण्या एकत्र बघाव्या लागतात. फेरिटिन एकटं फसवतं. फॅटी लिव्हर, दारू किंवा कुठलाही दाह असला तरी ते वाढतं. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर संशय पक्का होतो आणि जनुकीय चाचणी करतात. एचएफई जनुकातला सर्वांत जास्त आढळणारा सी२८२वाय हा दोष प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दिसतो. इतरांमध्ये दुसरी जनुकं बिघडलेली असू शकतात. तेव्हा ही एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नये. यकृतात किती लोह साठलंय, ते एमआरआयवर मोजता येतं. आणि दोष सापडला म्हणजे आजार होणारच असंही नाही. अनेकांना तो आयुष्यभर जाणवत नाही.

उपचार जुन्या काळचा वाटेल असा आहे: रक्त काढणं. एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. फेरिटिन खाली येईपर्यंत बहुधा दर आठवड्याला, मग वर्षातून काही वेळा. यकृत घट्ट होऊन सिऱ्होसिस होण्याआधी हे सुरू झालं, तर आयुर्मान इतरांइतकंच राहतं. एकाला निदान झालं की सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. त्यांच्यात दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता किमान चारात एक असते.